नाव बदललंस ना?

"आणि त्या बाईचं नाव?" देवपुजारी बाईंनी विचारलं.

मी उभी होते. वॉर्डातली चौतीस वर्षांची स्त्री, लग्नाला चौदा वर्षं, मूल नाही, आठ महिन्यांपासून अंगावरून जास्त जातंय, गर्भाशयात मोठी गाठ, पुढच्या आठवड्यात पिशवी काढायची, हे सगळं मी एका दमात म्हणून दाखवलं होतं. नावापाशी मात्र अडखळले.

"सात नंबर," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. "मंजिरी, पुढच्या गुरुवारी येशील तेव्हा सात नंबरचं नाव विचारून ये. आणि जमलं तर तिची गोष्ट लिहून आण."

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. माझी एमबीबीएसची परीक्षा झाली होती आणि इंटर्न म्हणून वर्षभर वॉर्डात राबायचं होतं. आमच्या सरकारी मेडिकलसमोरच्या आर्ट्‌स कॉलेजात नलिनी देवपुजारी बाई मराठी शिकवायच्या. आमच्या डीनच्या डोक्यात आलं, की डॉक्टरांनी कसं वागावं हे नुसत्या नियमांतून पोरांच्या गळी उतरत नाही, त्यापेक्षा त्यांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. त्यांनी बाईंना गळ घातली. दर गुरुवारी तीन वाजता लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही बावीस इंटर्न बसायचो. बाई एखादी कथा वाचायच्या, मग आमच्यात भांडण लावून द्यायच्या. एकदा एका म्हाताऱ्याची गोष्ट वाचली. त्याला बेशुद्ध करून, न विचारता, त्याचा पाय कापलेला असतो आणि शुद्धीवर आल्यावर तो भेटेल त्याला विचारत सुटतो, "माझा पाय कुठं पुरला?" आमच्यातले निम्मे म्हणाले, जीव वाचला ना! निम्मे म्हणाले, विचारायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं म्हणणाऱ्यांत होते, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात.

"कलमं तुम्हाला दुसरे लोक शिकवतील," बाई म्हणायच्या. "मी एवढंच सांगते, की खाटेवरच्या माणसाला परवापर्यंत घर होतं, भांडणं होती, लाडाची नावं होती. ते सगळं घेऊनच तो तुमच्यापुढे निजलाय."

सात नंबरचं नाव पंचफुला निमजे. कोष्ट्यांच्या गावची होती. तिकडे पुरुष मागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात आणि बाया घरी बसून कोशाचा धागा काढतात, उघड्या मांडीवर वळून. वर्षानुवर्षं धागा वळून तिच्या डाव्या मांडीला तळहाताएवढा घट्टा पडला होता.

तिच्यापेक्षा तिचा नवरा वॉर्डात जास्त प्रसिद्ध होता. झिबल त्याचं नाव. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सकाळी तासभर सोडत. तो यायचा, तिला उठवून बसवायचा, खिशातून तेलाची बाटली काढायचा आणि तिची वेणी घालायचा. तिच्या हाताला सलाइन लावलेलं, तिला जमत नव्हतं म्हणून. पहिल्या दिवशी सगळा वॉर्ड तोंडाला पदर लावून हसला. तो मान वर न करता म्हणाला, "हसा जी. सूत गुतलं तर सोडवतोच ना मी? मंग केसायचं काय मोठं?" वेणी मात्र अशी सुरेख घालायचा की चौथ्या दिवशी आठ नंबरची म्हातारी म्हणाली, "बापू, मायी बी घालून दे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमचे सीनियर, डॉ. पिंपळापुरे, तिला तपासून बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हिला मूल झालेलं नाही असं लिहिलंयस. मला तसं वाटत नाही. एकदा नीट विचार."

दुपारी वॉर्डात पुरुष नसत, तेव्हा मी तिच्या खाटेभोवती पडदा ओढला. विचारलं.

"तुमाले कसं समजलं?"

"शरीरावरून कळतं."

"अंगाले काई लपवता येत नाई, नाई का बाई?" ती म्हणाली. मग छताकडे बघत बोलू लागली. "झालं होतं मले एक लेकरू. सोळा सालाची होती मी. मायनं मावशीच्या गावाले नेऊन ठेवलं. सात दिवस होतं जवळ. आठव्या दिवशी मावशीनं नेलं. कोनाले देलं, मेलं का वाचलं, आजवर कोनी सांगतलं नाई. असन तर अठरा सालाचं असन."

"यांना माहीत आहे?"

"नाई. कोनालेच नाई. माय गेली, मावशी गेली. सासू वांझोटी म्हनते. बाया ओटी भरत नाईत. सासूनं दोनदा दुसरी पोरगी पायली त्यायच्यासाठी. ते उठून निंघून गेले दोन्ही बार. म्हनाले, हे असन तर घर, नाई तर मीच नाई. अन् मी गप्प. कधी कधी वाटे, आंगणात उभं राहून वरडावं, झालं होतं मले! पन कोनाले सांगू?"

मी तिचा हात धरला होता. माझं वय तेवीस. असं कोणी माझ्याजवळ कधी बोललं नव्हतं.

"उद्या तुमी थे पिशवी काढान," ती म्हणाली. "एकदा भरली होती थे. एवढं कोनाले तरी मालूम असावं, म्हनून सांगतलं. कागदावर लिवू नका, बाई."

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

केस पेपरवर मी काहीच बदललं नाही. मूल नाही हे तसंच राहिलं. पिंपळापुऱ्यांना तोंडी सांगितलं, ते म्हणाले, ऑपरेशनला काही फरक पडत नाही, राहू दे. ऑपरेशन नीट झालं. दहाव्या दिवशी झिबल तिला घेऊन गेला. जाताना त्यानं माझ्या हातात कोशाचा एक रुमाल ठेवला आणि ओशाळून म्हणाला, "मागावरचाच हाय. इकत नाई घेतला."

त्याच आठवड्यात मी ती गोष्ट लिहिली. तीन दुपारी होस्टेलच्या खोलीचं दार लावून लिहीत होते. पंचफुलाची मी यशोदा केली. गावाला नाव दिलं नाही. कोसा ठेवला, कारण मांडीवरचा घट्टा मला सोडवेना. वेणी ठेवली, कारण वेणीवाचून त्या गोष्टीत जीवच नव्हता. सात दिवसांचं मूल ठेवलं. काही ठिकाणी मनचंही घातलं. आणि शेवटाकडे एक वाक्य लिहिलं, जे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला: 'दोष तिच्यात नव्हताच कधी. पण ज्याच्यात होता, त्याच्या हातातली आपली वेणी सुटू नये म्हणून ती जन्मभर वांझ राहिली.'

गुरुवारी वाचून दाखवली. मागच्या बाकावरून 'सात नंबर' म्हणणारा पोरगा चष्मा पुसत होता. बाईंनी डोळे टिपले. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"मंजिरी, हे छापलं पाहिजे. लोकांनी वाचलं पाहिजे. माझ्या ओळखीचे एक संपादक आहेत." कागद पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "नाव बदललंस ना?"

"हो, बाई."

"मग झालं."

दोन महिन्यांनी, एका रविवारी, ती वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आली. पाऊण पान, वर वेणीचं चित्र. बाबांनी शेजारीपाजारी पाच अंक वाटले. डीननी बोलावून पाठ थोपटली. मेसच्या महाराजांनी मला दोन पोळ्या जास्त वाढल्या. मी पंधरा दिवस जमिनीवर नव्हते.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास ओपीडी आटपत आली होती. दारात पंचफुला उभी होती. एकटीच. मी उत्साहानं उठले. "अरे, या! तपासायला आलात? टाके कसे आहेत?"

"टाके चांगले हायत," ती म्हणाली.

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि घड्या घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. वेणीचं चित्र घडीवर दुमडून फाटलं होतं.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "साऱ्या गावानं आयकलं. मीच नाई आयकलं. वाचून दाखवा."

मी तिला शेजारच्या इंजेक्शनच्या खोलीत नेलं, कारण तिथे दार होतं. ती स्टुलावर बसली. मी उभीच राहिले. म्हणाले, "पंचफुलाबाई, मी नाव..."

"वाचा."

मी वाचलं. माझं मलाच. पंधरा मिनिटं लागली असतील. प्रत्येक ओळ, जी मी घासूनपुसून लखलखीत केली होती, ती तोंडातून काढताना जीभ जड होत होती. ती दुसऱ्या कोणाची हकीकत ऐकावी तशी ऐकत होती. मांडीच्या घट्ट्याशी तिनं लुगडं सारखं केलं. सात दिवसांच्या मुलाशी तिनं डोळे मिटले. शेवटाकडच्या वाक्याशी म्हणाली, "थे पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"हे खरं हाय काय, बाई? दोष त्यायच्यात होता?"

ओपीडीतल्या नर्सबाई बाहेर कोणावर तरी ओरडत होत्या. मी म्हणाले, "सांगता येत नाही. त्यांना कधी तपासलेलं नाही. तुमच्या गाठीमुळेही मूल राहिलं नसेल. गाठ खूप जुनी असणार. गाठीमुळं पुष्कळदा राहत नाही."

"हे तुमाले तवा मालूम होतं?"

"हो."

"मंग तसं काहून लिवलं?"

ते वाक्य चांगलं जमलं होतं म्हणून. याशिवाय माझ्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं, आणि ते मला देता आलं नाही.

मग तिनंच सांगितलं, सावकाश, एकेक. रविवारी मागाच्या शेडात धकाते गुरुजी विणकरांना पेपर वाचून दाखवायचे. हात चालू, कान गुरुजींकडे. त्या दिवशी म्हणाले, आज आपल्या कोशाची गोष्ट आलीय. सगळे खूश झाले. वेणीचं वाचल्याबरोबर शेड हसायला लागलं, हा तर आपला झिबल! दवाखान्यातली वेणी आठ नंबरच्या म्हातारीनं कधीच गावोगाव पोचवली होती. झिबलही हसला. म्हणाला, "वाचा गुरुजी, पुढं वाचा." गुरुजींना पुढं काय आहे ते माहीत नव्हतं. लक्षात आलं तेव्हा थांबले. पण झिबल म्हणाला, "थांबले काहून? वाचा." आणि शेवटपर्यंत ऐकलं. एकेक करून सगळे माग थांबले. त्याचा मात्र चालू होता.

"घरी आले," पंचफुला म्हणाली. "म्या ताट वाढलं. जेवले नाई. मले वाटलं मारतीन. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हनाले, पोर झालं होतं, याचं मले काई नाई. तू लहान होती. पन चौदा साल लोकं तुले वांझोटी म्हनत राह्यले अन् तू आयकून घेत राह्यली, मायासाठी. मायं झाकाले. मी वेणी घालत होतो अन् मले वाटे, मी तुले सांभाळून रायलो. तूच मले सांभाळत होती. अन् आता सारं गाव जानते."

तिनं कागदाची घडी घातली.

"बाई, मी त्यायच्यासाठी गप्प नव्हती. मी मायासाठी गप्प होती. भेवानं. त्यायच्यात दोष हाय असं माया मनात कधी आलं नाई. म्या सांगतलं त्यायले. नाई पटलं. म्हनाले, पेपरात खोटं लिवत नाईत. शिकलेली डॉक्टरीन हाय थे."

"मी येते तुमच्या गावाला," मी म्हणाले. "आजच येते. मी समजावते त्यांना."

"कोनाले?" तिनं विचारलं. "पंधरा दिवस झाले, ते सुरतले गेले. मिलमधी. पत्ता नाई देला."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. उठताना एवढंच म्हणाली, "कागदावर लिवू नका म्हनलं होतं, बाई. तुमी हो म्हनलं होतं." आवाज चढवून नव्हे. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसं. मग ती गेली. मी खिडकीतून पाहिलं. गेटापाशी एस्टीचा रस्ता कोणाला तरी विचारत होती. आलेली तेव्हा विचारत आली असेल तशीच.

संध्याकाळी मी देवपुजारी बाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्या देवघराच्या उंबऱ्यावरच बसल्या.

"चूक माझी आहे बाई," मी म्हणाले. "शब्द मी दिला होता."

"तुझी आहेच," त्या म्हणाल्या. "पण तू तेवीस वर्षांची आहेस. मी त्रेपन्न. वर्षभर मी तुम्हाला शिकवत होते, विचारा, माणसाला विचारा. आणि माझ्या हातात गोष्ट आल्यावर मी काय विचारलं? नाव बदललंस ना. चोरीचा माल घेणारा सोनार विचारतो, खूण पुसलीस ना, तसं."

पुढच्या गुरुवारी त्या वर्गावर आल्या. पुस्तक आणलं नव्हतं. बावीस जणांपुढे उभं राहून त्यांनी आपली चूक सांगितली, पंचफुलाचं नाव न घेता आणि माझंही न घेता. म्हणाल्या, "आजवर मी तुम्हाला वाचायला शिकवलं. कुठं वाचू नये, कुठं लिहू नये, हे मला स्वतःलाच येत नव्हतं." वर्ग तिथेच संपला. डीननी दोन पत्रं पाठवली, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. सहा वर्षांनी वारल्या तेव्हा मी दिल्लीला होते.

झिबलला मी पत्र लिहिलं होतं. गाठ म्हणजे काय, मूल का राहत नाही, दोष कोणाचाच नसू शकतो, चार पानं. गुरुजींकडून सुरतेतल्या एका गाववाल्याचा पत्ता मिळवला. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, की झिबललाही वाचता येत नाही. हे पत्रसुद्धा त्याला कोणीतरी वाचून दाखवणार, मिलच्या खोलीत, दहाजणांत. मी ते फाडलं. सुरतेला स्वतः जायला हवं होतं. इंटर्नशिपची रजा उरली नव्हती, मग पीजीची परीक्षा आली, मग लग्न. ही कारणं खरी आहेत. पण मला भीती वाटत होती, हे जास्त खरं आहे.

चौदा वर्षांनी मी त्याच मेडिकलमध्ये प्राध्यापक म्हणून परत आले. नव्या डीननी तो गुरुवारचा वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि माझ्यावर सोपवला. मला दुसऱ्या कोणाच्या कथा वाचायच्या नव्हत्या. पोरांना सांगण्यासारखी माझ्याजवळ एकच होती, आणि ती माझी नव्हती. म्हणून मी तिच्या गावी गेले.

ती अंगणात बसली होती. केस पांढरे झालेले. मला ओळखायला तिला क्षण लागला नाही. तिनं चहा टाकला. झिबलचं मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "सासू गेली तवा आले होते एकदा. तेराव्याले. जेवले. ताट म्याच वाढलं. भाजी चांगली झाली म्हनाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. मंग तिकडंच वारले, परसाल. दोघं जनं सांगाले आले होते."

चहा निवून गेला. मी कशासाठी आले ते सांगितलं. म्हणाले, "नाव, गाव, सगळं बदलीन. तरी ओळखू येऊ शकतं, हे मला आता माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर कधी तोंडातून काढणार नाही."

ती हातातला कोसा फिरवत राहिली.

"त्यायच्यात दोष नव्हता, हे बी सांगान काय?"

"तेच आधी सांगीन. दोष होता की नव्हता कोणालाच माहीत नाही, आणि मी मात्र माहीत असल्यासारखं लिहिलं, असं सांगीन."

"मंग सांगा," ती म्हणाली. "आता ओळखाले राह्यलं तरी कोन?"

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "बाई, त्या कागदात एक चुकलं होतं तुमचं. त्या दिवशी बोलली नाई."

"काय चुकलं होतं?"

तिनं सांगितलं. त्या सात दिवसांतली एक गोष्ट होती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पडद्याआड तिनं मला बरोबर सांगितली होती. कथा अधिक हळवी व्हावी म्हणून मी ती बदलली होती, आणि बदलली होती हेही विसरून गेले होते.

"मी दुरुस्त करते," मी म्हणाले. "जिथं जिथं सांगीन, तिथं खरं तेच सांगीन."

"नको, नको." तिनं घाईनं माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला काहीतरी उजळलेलं दिसलं. "राहू द्या तसंच. साऱ्या गावानं सारं आयकलं, पन थे एक चुकीचं आयकलं. खरं कोनालेच मालूम नाई. तेवढं मायं मायाजवळ राह्यलं."

गेली सोळा वर्षं मी ही गोष्ट दर जूनमध्ये नव्या इंटर्नना सांगते. ते काय होतं, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच.